थालीपिठाला व्हिसा हवाय

परदेशात शिकायला जाणाऱ्याला व्हिसा मिळतो, नोकरीला जाणाऱ्याला मिळतो, आयफेल टॉवरचा शेंडा चिमटीत पकडल्याचा फोटो काढायला निघालेल्यालाही मिळतो. पण एखादी बाई सरळ मनाने म्हणाली, की मी माझे पैसे घेऊन तुमच्याकडे येते, धंदा काढते, तुमच्याच चार माणसांना कामाला ठेवते आणि वर तुम्हाला कर भरते, तर जगभरातल्या वकिलातींच्या भुवया वर जातात. ही बाई एवढी चांगली का वागतेय? हिचा डाव काय आहे?

ती बाई म्हणजे मी. आणि डाव म्हणजे थालीपिठाची भाजणी.

डोंबिवलीत मी घरगुती भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते. लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने एकदा फोनवर थालीपिठाचा घास घोळवत सांगितलं, "मावशी, इथे ही पाकिटं धडाधड खपतील. तू इकडे कंपनीच काढ." पोट भरलं की माणसं असं काहीबाही बोलतात, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण त्या वेळी माझ्या शेजारी आमचे हे बसले होते. ते नुकतेच बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्याकडे लॅपटॉप होता. संध्याकाळपर्यंत एक्सेलच्या तक्त्यात आडवे देश आणि उभ्या अटी मांडून झाल्या. रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर नणंदेचा निरोप आला, "वहिनी, तिकडे गेल्यावर ओळख ठेवा."

सुरुवात ब्रिटनपासून केली, कारण भाचा तिथे होता आणि फुकट राहायची सोय होती. तिथे धंदा काढायला आधी ५०,००० पौंड दाखवावे लागत. एप्रिल २०२३ मध्ये ‘इनोव्हेटर फाउंडर’ नावाचा नवा व्हिसा आला आणि ती अट गेली. "बघ," हे म्हणाले, "पैशाची अट काढली. आता नुसती कल्पना लागते." मला हायसं वाटलं. पैसे नव्हतेच, कल्पना तरी होती. पुढचं वाचल्यावर वाटलं, पैसेच मागितले असते तर बरं झालं असतं.

कल्पना नवी आणि आगळी हवी, तग धरणारी हवी, आणि वाढत वाढत देशभर आणि देशाबाहेर जाणारी हवी. ती तशी आहे की नाही, हे सांगायला सरकारने मोजक्या संस्था नेमल्या आहेत. त्या १,००० पौंड घेऊन तुमची कल्पना तपासतात. पटली तर शिफारसपत्र देतात, मग पुढे व्हिसाचा अर्ज. तिथे पोचल्यावर हीच मंडळी तीन वर्षांत किमान दोनदा तुमची गाठ घेऊन धंदा खरंच चाललाय ना ते पाहतात, आणि त्या प्रत्येक गाठीचे ५०० पौंड आपणच त्यांना द्यायचे. आमच्या आत्याबाईही वर्षातून दोनदा येऊन आमचं कसं चाललंय ते बघून जातात, पण त्यांचा खर्च दोन वेळच्या चहात भागतो.

शिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी वर्षाला १,०३५ पौंड. तीन वर्षांचे एकदम, आगाऊ.

"आणि आजारी पडलंच नाही तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर गेले, आई."

"मग पडायचं. सोडायचे कशाला?"

आम्ही घरातच मुलाखतीचा सराव केला. हे टाय लावून संस्थेचे अधिकारी झाले. घरात टाय आणि खाली लेंगा, त्यामुळे मला आधी हसू आवरेना.

"तुमच्या उत्पादनात नवीन काय आहे?"

"मेथ्या. भाजून घालते."

"हे याआधी कोणी केलेलं नाही, याचा पुरावा?"

"तिने केलंय ते मीच शिकवलंय," आतून सासूबाई म्हणाल्या. "आणि धणे कमी घालते ती."

पहिल्याच फेरीत माझ्या नावीन्याचा असा निकाल लागला. भाजणी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या घरी होते, हाच तिचा मोठेपणा, आणि ब्रिटनच्या लेखी हाच तिचा गुन्हा. माझ्या आजीने, पणजीने आणि खापरपणजीने मिळून माझा अर्ज आधीच फेटाळून ठेवला होता.

मग कोणीतरी एका सल्लागाराचा पत्ता दिला. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर बारा देशांची घड्याळं होती आणि भारताचं बंद होतं. मी सोबत भाजणीचा डबा नेला होता. त्यांनी तो न उघडताच बाजूला सारला.

"मॅडम, भाजणी विसरा."

"मग मी विकू काय?"

"पोषणाचं व्यक्तिगत नियोजन. ग्राहक ॲपमध्ये आपलं वजन, साखर, झोप भरणार. कृत्रिम बुद्धिमत्ता त्याला सांगणार, आज कुठली धान्यं किती खायची."

"आणि ती धान्यं त्याने खायची कशी?"

"ते दुसऱ्या टप्प्यात बघू."

त्यांनी करून दिलेला आराखडा जाडजूड होता. त्यात रंगीत आलेख होते आणि प्रत्येक आलेखातली रेघ उजवीकडे जाऊन छताला टेकत होती. तिसऱ्या वर्षी आम्ही जर्मनीत आणि पाचव्या वर्षी ब्राझीलमध्ये असणार होतो. थालीपीठ हा शब्द एकदाच आला होता, तोही तळटिपेत, ‘पारंपरिक चकती’ असा. संस्थापक म्हणून माझा फोटो होता. खाली लिहिलं होतं, की मला धान्य-विश्लेषणाचा दीर्घ अनुभव आहे. हे एका अर्थी खरं होतं. तांदूळ निवडण्यात माझा जन्म गेलाय.

हे मात्र आराखड्यावर खूश होते. त्यांना ब्राझीलची काळजी लागली होती. "तिथे वेळेचा फरक खूप आहे, गिरणीवाल्याशी बोलणार कधी?"

एवढ्यावरही थांबलं असतं, पण स्वतःच्या खर्चासाठी १,२७० पौंड खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचं दाखवावं लागतं. मध्ये एक दिवसही रक्कम त्याखाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी या अटीची रंगीत तालीम झाली, कारण ह्यांना कुठलीही गोष्ट आधी करून पाहायची सवय. लाख-दीड लाख रुपये खात्यात अस्पर्श ठेवून आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वही चालू केली. मुलाने फी मागितली तर हे म्हणायचे, "पौंडात हात घालायचा नाही." शेवटी शेवटी, सगळं सुखरूप पार पडणार असं दिसत असताना, कधी काळी चालू करून विसरलेल्या कुठल्याशा विम्याचा हप्ता परस्पर वळता झाला. ह्यांनी ती रात्र झोपेशिवाय काढली. अर्ज अजून केलाच नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दिरांना ब्रिटन मुळातच पसंत नव्हतं. "वहिनी, धंदा म्हणजे अमेरिका." अमेरिकेचा ‘ई-टू’ नावाचा व्हिसा खास अशा लोकांसाठीच आहे, जे तिथे बऱ्यापैकी भांडवल घालून धंदा चालवायला येतात. किती भांडवल, याचा ठरीव आकडाही नाही. ऐकूनच आम्ही भारावलो. मग कळलं, की ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्याच नागरिकांना तो मिळतो. यादीत पाकिस्तान आहे, १९६१ पासून. बांगलादेश आहे. श्रीलंका आहे. भारत नाही. दिरांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि मग टीव्हीवर क्रिकेट लावलं.

सल्लागारांकडे यावरही तोड होती. "ग्रेनाडाचं नागरिकत्व घ्या." कॅरिबियन समुद्रातला हा लहानसा देश. त्याचा अमेरिकेशी करार आहे आणि तो रीतसर पैसे घेऊन नागरिकत्व देतो. त्याच्या झेंड्यावर चक्क जायफळ आहे. मसाल्याच्या बाईला याहून मोठा शकुन कोणता? मी मनातल्या मनात ग्रेनाडाची झालेसुद्धा. पण २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदलला. पैसे भरून नागरिक झालेल्याने आधी तीन वर्षं त्या देशात घर करून राहिलं पाहिजे, मगच ‘ई-टू’. म्हणजे डोंबिवलीहून न्यू जर्सीला जायला वाटेत तीन वर्षं जायफळाच्या बागेत काढायची.

उरला ‘ईबी-५’. त्यात सरळ हिरवं कार्ड. ग्रामीण किंवा बेकारीच्या भागात ८ लाख डॉलर घाला, इतरत्र साडेदहा लाख, आणि दहा माणसांना पूर्णवेळ नोकरी द्या. आमच्याकडे आठ लाख रुपयेही मोकळे नव्हते, त्यामुळे डॉलरचा विचार आम्हाला निर्भयपणे करता आला. बँकेत जन्म गेलेला माणूस, ह्यांना लगेच अडचण दिसली, "रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात."

"मग?"

"चार माणसं लागतील. तू, मी, मुलगा…" आणि ह्यांची नजर सासूबाईंवर स्थिरावली.

सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी अडीच लाख डॉलरच्या योग्यतेचं समजलं होतं. त्या लगेच तयार झाल्या. फक्त त्यांनी विचारलं, की पाठवायचे ते अडीच लाख आधी त्यांना कोण देणार? आणि वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे जे काही जाईल त्यावर बँक २० टक्के कर आधीच वसूल करते. तो मग विवरणपत्र भरून परत मागायचा. न पाठवलेल्या पैशांवरचा न कापलेला कर परत कधी मिळेल, यावर ह्यांची आणि दिरांची अर्धा तास खडाजंगी झाली.

सिंगापूरने आम्हाला आदराने नकार दिला. त्यांच्या ‘आंत्रपास’साठी कुठले धंदे चालणार नाहीत, याची त्यांनी यादीच दिली आहे: कॉफीची दुकानं, खाऊगल्ल्या, फूड कोर्ट, बार, कराओके, पायांचं मालिश, ॲक्युपंक्चर, जडीबुटी आणि वास्तू-फेंगशुईचे सल्ले. आमच्या तिसऱ्या मजल्यावर वास्तुतज्ज्ञ राहतात. पासपोर्ट वायव्येला ठेवा म्हणजे प्रवासाचा योग येतो, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं, आणि त्यापायी पासपोर्ट आठवडाभर कांद्या-बटाट्याच्या टोपलीत होते. यादी वाचून ते खवळले. म्हणाले, "त्या देशाचं मुखच चुकलंय."

जर्मनीचं प्रकरण लवकर आटोपलं. स्वतःचा धंदा करायला येणारा ४५ वर्षांपुढचा असेल तर त्याने म्हातारपणाची पुरेशी तजवीज दाखवावी, असं त्यांचा कायदा म्हणतो. माझी तजवीज त्या वेळी खोलीत बसून मोबाइलवर गेम खेळत होती.

एस्टोनिया तेवढा मनाचा मोठा निघाला. २०१४ पासून हा देश परक्यांना ‘ई-रेसिडेन्सी’चं कार्ड देतो आणि त्यावर घरबसल्या, संगणकावरून, युरोपात तुमची कंपनी निघते. हे आनंदाने उभेच राहिले. मग बसले. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, त्यावर देशात पाऊल ठेवता येत नाही, असं खाली लिहिलेलं असतं. कंपनीला युरोपात जाता येतं, मालकिणीला नाही. एव्हाना जगाकडून माझ्या अपेक्षा इतक्या खाली आल्या होत्या, की मला हेही पुष्कळ वाटलं.

नेदरलँड्सबद्दल मी फार बोलणार नाही. अमेरिकन माणसाने धंद्यात ४,५०० युरो घातले की १९५६ च्या एका करारामुळे त्याला तिथे धंदा करायला राहता येतं, एवढं वाचलं आणि पान बंद केलं. साडेचार हजार! ज्या देशाने आम्हाला आठ लाखांचा आकडा सांगितला, त्याची माणसं शेजारच्या दारातून एवढ्यात आत जातात.

पण आमचा खरा कस लावला जपानने. जपानच्या धंदेवाईक व्हिसाला पूर्वी ५० लाख येन भांडवल दाखवलं की चालत असे. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ते ३ कोटी येन झालं, शिवाय तिथला निदान एक पूर्णवेळ नोकर हवा. पण रकमेने मला धक्का बसला नाही, रकमांच्या पलीकडे मी कधीच गेले होते. मला गुंगवलं ते त्यांच्या क्रमाने. तिथे आधी जाऊन राहिलेले लोक जे सांगतात ते मी ह्यांना समजावून देत होते.

"भांडवल दाखवायला जपानी बँकेत खातं हवं."

"मग काढू."

"खातं काढायला तिथला रहिवासी असावं लागतं."

"मग राहू."

"राहायला व्हिसा लागतो."

"मग घेऊ."

"व्हिसाला भांडवल दाखवावं लागतं."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि ऑफिस?"

"ते अर्जाच्या आधी भाड्याने घ्यायचं. पण रहिवासी नसलेल्याला भाड्याने कोण देणार?"

हे बराच वेळ गप्प होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती आली. पस्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून त्यांनी असंख्य ग्राहकांना याच वर्तुळात फिरवलं होतं. आज त्याच कलेचा त्याहून सरस नमुना त्यांना दिसला होता. "काय सिस्टिम आहे!" ते भक्तिभावाने म्हणाले. हे वर्तुळ कापायला फुकुओकासारख्या काही शहरांनी स्टार्टअप व्हिसा काढलाय, आधी या आणि मग तयारी करा, असं मी सांगितलं तर त्यांना ते आवडलं नाही. त्यात मजा राहत नाही म्हणे.

"आणि तिकडचा कोणी आपल्याकडे यायचा म्हणाला तर?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

ह्यांनी शोधलं. २०१६ पासून भारतही परदेशी गुंतवणूकदाराला इथे राहायचा दर्जा देतो. त्याने १८ महिन्यांत १० कोटी रुपये आणायचे, नाहीतर ३ वर्षांत २५ कोटी, आणि दरवर्षी इथल्या वीस जणांना रोजगार द्यायचा.

"बरं केलं," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "उगीच कोणीही घुसायला नको."

कागदपत्रांची कहाणी मोठी आहे, पण थोडक्यात सांगते. देश कोणताही असो, आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि मी तिथेच नापास. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव एक, मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. लग्नात तांदळात अंगठीने दुसरंच नाव लिहिलं. मधे ह्यांचं आलं, आडनाव बदललं. तिन्ही डबे बदललेली गाडी तीच, हे कुठल्या युरोपियन माणसाला पटवायचं? राजपत्र शोधा, विवाहनोंदणी शोधा, प्रतिज्ञापत्र करा. नोटरीने विचारलं, "मग दाखल्यावरची ही बाई आता कुठे असते?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात."

ह्यांची गोष्ट निराळी. ह्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या गावचा, आणि जन्मतारीख १ जून. त्यांच्या थोरल्या भावाची १ जून. चुलत्याची १ जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी तारीख पडली ती पडली. सल्लागारांनी कुटुंबाचा तक्ता पाहून सावधपणे विचारलं, की घरात हा काही धार्मिक विधी आहे का. त्यात एका कागदावर आडनावात एक इंग्रजी ‘ए’, दुसऱ्यावर दोन, आणि आधारवर तर छायाचित्रच अशा माणसाचं, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही.

या सगळ्यात दुबईचं नाव कोणी काढलंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. भाच्यानेच एकदा विचारलं, "मावशी, दुबईत का नाही काढत?" तिथे फ्री झोनमध्ये लायसन्सची फी भरली की कंपनी निघते आणि तिच्याबरोबर व्हिसाही. फ्री झोनबाहेर पूर्वी ५१ टक्के भागीदार तिथलाच लागे; २०२१ पासून बहुतेक धंद्यांना तेही बंधन नाही. भाजणी नवीन आहे का, हे कोणी विचारत नाही. मराठी माणसं पुष्कळ. धनंजय दातारांनी तिथेच वडिलांच्या लहानशा किराणा दुकानापासून सुरुवात करून मसाल्यांचं केवढं साम्राज्य उभं केलं.

मी हे घरात मांडलं. क्षणभर शांतता पसरली.

"दुबई?" दीर म्हणाले. "तिथे काय, कोणीही जातं."

"एवढं शिकून-सवरून दुबई?" नणंद ग्रुपवर म्हणाली. तिला ओळख ठेवण्यात एकाएकी रस उरला नाही.

ह्यांनी तक्ता उघडून दुबईचा रकाना जोडला. त्यात अटी भरायला फारसं काही नव्हतं. रिकामे चौकोन बघून ते हिरमुसले. "यांना आपल्याबद्दल काही जाणूनच घ्यायचं नाहीये," ते म्हणाले. आणि खरं सांगते, मलाही थोडा अपमान वाटला. ज्यांनी माझ्या खापरपणजीपर्यंत चौकशी केली त्या लंडनपुढे, नुसती फी मागणारा देश हलकाच वाटला. ते पान आम्ही न बोलता मिटलं.

तूर्त कंपनीचा विस्तार डोंबिवली पश्चिमेला करायचा असं ठरलंय, पण त्यालाही रेल्वेचा पूल आडवा आहे आणि सासूबाईंची परवानगी यायची आहे. भाजणी अर्ध्या किलोपासून मिळेल. पूर्वेला घरपोच. पश्चिमेच्या मंडळींनी पूल ओलांडून, पिशवी घेऊन यावं. कागदपत्रं लागणार नाहीत.